कंपनी आधी देते

आमच्या शेजारच्या चुरीभाऊंना तुम्ही काहीतरी फुकट देऊन दाखवाच. मी पैज लावते, ताट घेऊन तुम्हीच परत याल.

होळीला मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या घेऊन गेले होते. एकटा माणूस. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी बोईसरला दिलेली. सणावाराला शेजाऱ्यांनी नाही बघायचं तर कोणी? भाऊंनी दार उघडलं, काठी भिंतीला टेकवली, ताटावरचा रुमाल उचलला आणि डॉक्टरने जखम बघावी तसं वाकून बघितलं.

"वहिनी, तूप बरंच आहे."

"सणाचं आहे, भाऊ."

"ते झालं. पण वसुली कोणाकडून?"

"अहो, वसुली कसली? घरचं तूप आहे!"

"घरचं म्हणजे कोणाच्या तरी पोळीवरचं उतरलं असणार. तूप काय आभाळातून पडतं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या घरातून हे ओरडले, "माझ्याकडून, भाऊ, माझ्याकडून!" आता काय सांगू तुम्हाला! ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून ह्यांचं तूप मी बंद केलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेच भाऊंच्या पोळीवर गेलं होतं. भाऊंनी ह्यांना बोलावून घेतलं, अर्धी पोळी तुपासकट खायला लावली आणि मगच स्वतः घास घेतला. मी दारात उभी राहून दोघांना मनातल्या मनात शिव्या घालत होते.

तर असे हे प्रभाकर चुरी. मूळचे रेल्वेच्या पश्चिमेकडच्या वाडीतले, केळी-मोगऱ्याच्या बागायतदार घरातले. भावाभावांत वाटण्या झाल्या, ह्यांच्या हिश्श्याचे पैसे आले, त्यातून चंदनसारला फ्लॅट घेतला; आम्ही समोर राहायला आलो ते बऱ्याच नंतर. नोकरी सातिवलीला, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात स्टोअरकीपरची. आता घरीच असतात. उजव्या पायात सळई आहे. तो पाय वाकत नाही आणि भाऊही वाकत नाहीत.

मागे निवडणुकीच्या आधी कोणीतरी आमच्या सोसायटीला लोखंडी बाकं दिली. पाठीवर देणाऱ्याचं नाव, रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. संध्याकाळी सगळी म्हातारी मंडळी हौसेने जाऊन बसली. ज्यांना सगळ्यात जास्त गरज ते चुरीभाऊ मात्र बाकाच्या शेजारी, काठीवर भार देऊन उभे.

"बसा की हो भाऊ, पाय दुखेल."

"दुखू दे. आधी कळू दे, ह्याची वसुली कोणाकडून."

"अहो, फुकट आहे!"

"फुकट काही नसतं. आधी कोणीतरी देतो, मग कोणाकडून तरी घेतो. मधल्या वेळात आपण पेढे वाटतो."

ते पेढ्यांचं काय होतं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला आपलं वाटलं, काय मेला अपशकुनी माणूस आहे! चांगल्या गोष्टीला चांगलं म्हणायला ह्यांची जीभ झिजते की काय? तुळिंजला एका लग्नात तर कहर केला. आइस्क्रीमच्या काउंटरपाशी मुलीच्या बापाला गाठलं आणि हळूच विचारलं, "हे सगळं फेडायचं कधी आणि कोणी?" तो बिचारा आधीच घायकुतीला आलेला. त्याने भाऊंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके द्यायला लागला. लोकांना वाटलं, पाठवणी लवकर सुरू झाली. वऱ्हाडातल्या बायका ताटं टाकून धावल्या. मी ह्यांना म्हटलं, पुढच्या लग्नाला भाऊंना बरोबर नेलंत तर मी येणार नाही.

पण त्यांचं खरं रूप मी बघितलं ते कुंडीच्या वेळी. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांची तुळशीची कुंडी वाऱ्याने खाली आली ती थेट परेराच्या गाडीच्या काचेवर. परेरा तळमजल्यावर राहतो, तरुण आहे, स्वभावाने अगदी देवमाणूस. म्हणाला, "जाऊ दे सावंतकाका, टेन्शन नका घेऊ. इन्शुरन्स आहे, कंपनी देईल." सावंतांचा जीव भांड्यात पडला. दोघं हात मिळवणार इतक्यात जिन्यावरून काठीची ठकठक आली.

"कोण म्हणालं कंपनी देईल?"

"मी, अंकल," परेरा म्हणाला.

"कंपनी देत नाही. कंपनी आधी देते." 'आधी' म्हणताना त्यांचं एक बोट वर जातं आणि वरच राहतं. "तू क्लेम घेशील, कंपनी सांगेल तिथे सही करशील. त्या सहीसरशी सावंतांकडून भरपाई मागायचा तुझा हक्क गेला कंपनीकडे. मग कंपनी तुझ्या जागी उभी राहणार. तुझं नाव सांगून ह्यांच्या दारात येणार. तू म्हणशील, अहो, मी तर माफ केलं! पण माफ करायला तू उरलास कुठे? तुझ्या जागी आता ती."

सावंत पांढरेफटक पडले. परेरा म्हणाला, "एका काचेसाठी एवढं कोण करतं, अंकल?"

"करतील, न करतील. पण ठरवणार ते. तू नाही."

शेवटी अर्धा खर्च सावंतांनी केला, अर्धा परेराने, आणि क्लेमचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. भाऊ काच बसेपर्यंत तिथेच उभे होते. जाताना म्हणाले, "आता भांडायचं असेल तर तुम्ही दोघं भांडा. माणसासमोर माणूस तरी राहिला." हे बोलताना त्यांचा आवाज असा काही फाटला की मी चपापले. हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता, ह्या माणसाला कुठेतरी जबर लागलेलं होतं.

कुठे लागलं होतं ते पुढे हळूहळू त्यांच्याच तोंडून कळलं.

सातिवलीच्या त्या कारखान्याचा माल न्यायला बाळाराम भोईरचा टेम्पो यायचा. बाळाराम इथल्याच एका भातशेतीच्या गावातला, भाऊंपेक्षा बराच लहान. पण दोघांचं असं गूळपीठ की काम सुटलं की बाळाराम रोज भाऊंच्या घरी चहाला यायचा आणि रोज म्हणायचा, "भाऊ, हा चहा हाय का पानी?" भाऊंची बायको आजारी पडली तेव्हा तिला इस्पितळात न्यायला-आणायला बाळाराम. ती गेली तेव्हा खांदा द्यायला बाळाराम. नंतरही घरात दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणून जो काय यायचा तो त्याचाच.

आणि एके दिवशी कारखान्याच्या दारात टेम्पो मागे घेताना बाळारामच्याच चाकाखाली भाऊंचा पाय आला.

त्यानेच त्यांना उचलून नेलं. इस्पितळाच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला. भाऊ शुद्धीवर आल्यावर त्यानेच सांगितलं, "भाऊ, माझ्यावर केस टाका. इन्शुरन्स भरतो तो कशाला? कंपनी देल."

मग काय, वसईच्या कोर्टात अपघाताचा दावा लागला. अर्जदार प्रभाकर चुरी. सामनेवाला नंबर एक बाळाराम भोईर, नंबर दोन विमा कंपनी. आणि हे अर्जदार कोर्टात जायचे ते सामनेवाला नंबर एकच्या स्कूटरवर मागे बसून, काठी आडवी धरून! डबासुद्धा दोघांत एकच. भाऊंचा वकील कपाळाला हात लावायचा. "अहो, निदान गेटच्या आत तरी वेगवेगळे या! तो तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे!" त्यावर बाळाराम म्हणायचा, "साहेब, मग यांना जिना कोन चढवेल? तुम्ही?"

मध्ये लोकअदालत लागली. कंपनीचा वकील म्हणाला, थोडं कमी घ्या आणि इथेच मिटवा, म्हणजे आम्हीही टेम्पोवाल्याच्या मागे लागणार नाही. भाऊ सही करायला तयार होते. बाळारामने त्यांचा हात धरला. "भाऊ, कमी घेऊ नका. पाय हाय तुमचा, भाजी नाय. कंपनीचं काय जातंय?" भाऊंनी पेन खाली ठेवलं. सामनेवाल्याच्या सांगण्यावरून अर्जदाराने तडजोड मोडली! कंपनीचा वकील चष्मा काढून दोघांकडे बघतच राहिला म्हणे.

पुढे निकाल लागला. वकील बाहेर येऊन म्हणाला, "जिंकलो! कंपनी आधी पैसे देईल, मग तिचं ती बघून घेईल." ह्या दोघांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं कानाआड केलं. पेढे बाळारामनेच आणले. खाल्लेही त्यानेच जास्त.

कंपनी तिचं ती काय बघणार होती? तर अपघात झाला तेव्हा बाळारामच्या लायसन्सची मुदत संपलेली होती. नवं करायचं राहून गेलं होतं. का राहिलं? तर मुदत संपली त्या दिवसांत तो भाऊंच्या बायकोला घेऊन इस्पितळाच्या खेपा घालत होता. हे त्याने कोर्टात कधी सांगितलं नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता. कोर्टाचं म्हणणं असं की जखमी माणसाला ताटकळत ठेवू नये. कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी आणि मग ती टेम्पोच्या मालकाकडून वसूल करावी. आता तुम्हीच सांगा, ह्यात चुकलं कोणाचं? कोर्ट तर जखमी माणसाच्याच बाजूने होतं हो!

भाऊंना मिळालेले पैसे इस्पितळात आणि पायाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये गेले. त्यानंतर बऱ्याच काळाने कोर्टाचा माणूस बाळारामच्या दारात उभा राहिला. कंपनीने वसुलीची दरखास्त लावली होती. टेम्पो जप्त झाला. भाऊ कळताक्षणी त्याच्या घरी गेले तर बाळाराम आत जाऊन बसला आणि त्याची बायको उंबऱ्यात आली. ती शिव्या देती तरी बरं, भाऊ म्हणतात. ती फक्त म्हणाली, "तुमचा पाय पुढं करून आमचा टेम्पो नेला त्यांनी."

मग भाऊंनी धावाधाव केली. म्हणजे काठीवर जेवढी होते तेवढी. कंपनीच्या कचेरीत जाऊन म्हणाले, मी बाळारामला माफ केलंय, वाटेल तिथे लिहून देतो. तिथला साहेब चांगला होता, त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाला, "आजोबा, तुम्हाला तुमची भरपाई मिळाली. ह्या प्रकरणात आता तुमच्या जागी आम्ही आहोत." भाऊंनी गाठीला होतं नव्हतं ते नेऊन बाळारामपुढे ठेवलं. त्याने हात लावला नाही आणि तोंडही उघडलं नाही. त्या दिवसापासून तो भाऊंशी बोललाच नाही. चहाला येणं बंद झालं. रस्त्यात समोरून भाऊ दिसले की तो गल्लीत वळायचा.

भाऊंना पैसे नको होते. पायाचंही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. बाळारामने एकदा येऊन चहाला नावं ठेवावीत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांचा जीव तुटत होता, आणि मी मूर्ख बाई त्यांच्या काठीच्या आवाजाला वैतागत होते.

टेम्पो जुना, लिलावात त्याचे येऊन येऊन किती येणार? उरलेल्या वसुलीसाठी बाळारामच्या तारखा पडत राहिल्या. त्यात भाऊंचं काडीचंही काम नव्हतं. अर्जदार म्हणून त्यांचं नाव मागे पडलं होतं. तरी प्रत्येक तारखेला पांढरा शर्ट इस्त्री करून, दाढी करून, माणूस वसईला हजर! शिपाई म्हणायचा, "काका, ह्यात तुमचं नाव नाही." भाऊ म्हणायचे, "नसू दे. बसतो."

मी एकदा भडकलेच. "भाऊ, लोक तारखेला घाबरतात. तुम्ही तारखेची वाट बघता! काय आहे तिथे?"

"तिथे तो असतो, वहिनी. पुकारा होईपर्यंत त्याला उठून जाता येत नाही."



गेल्या लोकअदालतीला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांचा पाय सुजला होता, एकटं सोडवेना. कोर्टात ही गर्दी! कोणी नवरा-बायको, कोणी बँकवाले, कोणी वीजबिलवाले. व्हरांड्यातल्या बाकाच्या पार टोकाला एक माणूस बसला होता. केस पिकलेले, शर्टाच्या खिशावर दुसऱ्याच कोणाच्या ट्रान्सपोर्टचं नाव. भाऊ अलीकडच्या टोकाला बसले आणि त्याच्याकडे न बघता बघायला लागले. मधली जागा गर्दीतही रिकामी राहिली होती.

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मी सरळ जाऊन त्या माणसाशेजारी बसले.

"तुम्ही बाळाराम ना? मी भाऊंची शेजारीण. अहो, एक शब्द बोला की त्यांच्याशी! सुजलेला पाय घेऊन येतात इथे, ते काय कोर्ट बघायला?"

तो चपलेकडे बघतच म्हणाला, "काय बोलू, ताई? केस टाका, मीच बोललो. कमी घेऊ नका, मीच बोललो. पेढे मीच आनले. आता कोन्त्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडं?"

मी उठून भाऊंकडे आले. "ऐकलंत ना? तो तुमच्यावर रागावलेला नाही."

"ते ठाऊक आहे मला," भाऊ म्हणाले. "राग असता तर बरं होतं, वहिनी. राग उतरला असता."

तेवढ्यात पुकारा झाला. बाळाराम उठला. भाऊंना कोणी बोलावलं नव्हतं, पण तेही उठायला गेले. काठी फरशीवर सरकली आणि ते तिरके झाले. मी हात पुढे करेपर्यंत बाळारामने वळून त्यांना काखेत हात घालून सावरलं होतं. किती वर्षं ज्या हाताने जिने चढवले, तो हात विचारून थोडाच पुढे येतो! दोघं तसेच उभे राहिले. बाळारामने खाली पायाकडे बघितलं.

"सूज हाय," तो म्हणाला. पायालाच म्हणाला. भाऊंच्या तोंडाकडे त्याने बघितलं नाही. हात सोडवून तो आत गेला.

आत सगळं पटकन झालं. कंपनीने बरंच सोडलं, उरलेलं बाळारामने नातेवाइकांकडून उभं केलं होतं. सह्या झाल्या. कंपनीचा वकील खूश, पॅनेलवरच्या बाई खूश, कोणीतरी बाळारामच्या पाठीवर थाप मारली. त्याला दुपारच्या आत कोणाचा तरी माल पोचवायचा होता. तो पलीकडच्या जिन्याने भराभर उतरून गेला.

भाऊ टेबलापाशी उभेच होते. कारकून कागद लावत होता.

"साहेब, पुढची तारीख?"

"पुढची तारीख कसली, काका? मिटलं. प्रकरण निकाली निघालं."

"म्हणजे आता त्याला यायला नको?"

"कशाला येईल? सुटला बिचारा."

"सुटला," भाऊ म्हणाले. "बरं झालं. फार बरं झालं."

मागून लोक ढकलत होते. मी त्यांच्या कोपराला हात लावला, म्हटलं, चला भाऊ, रिक्षा थांबलीये. ते हलले नाहीत. टेबलावर दोन्ही हात टेकून ते कारकुनाच्या अगदी जवळ वाकले. कोणाकडून कधी काही न मागणारा हा माणूस, आणि मला ऐकू येऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाला,

"बघा ना साहेब. एखादी टाका ना तारीख."